मागची काच आणि सत्तर पेंढ्या

या वेळी डाळिंबाच्या पाण्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, दोघा-तिघांनी विचारलंही होतं. पण मधल्या आठ दिवसांत गाडीच्या मागच्या काचेनं एवढा वेळ खाल्ला की आधी तेच लिहितो. शेतीच्या पानावर गाडीच्या काचेचं काय काम, असं वाटेल. पण काच फुटली ती गवत कापायच्या यंत्रामुळं, पडली ती कडब्यावर, आणि दावणीला आठ महिन्यांची गाभण गाय. म्हणजे विषय शेतीचाच आहे.

आमची गाडी छोटी, पाच दारांची, २०१४ ची. पाचवं दार म्हणजे डिकीचं, त्यातच मागची काच. वस्तीवर लिंबाखाली ती रोज उभी असते. त्या दिवशी डिकीतून सरकी पेंडेची दोन पोती उतरवली, डिकी लावली आणि आत चहाला गेलो. गाडीच्या मागं आठ-दहा फुटांवर मालदांडीच्या कडब्याची गंज. काही पेंढ्या अजून रचायच्या होत्या, त्या खाली जमिनीवर. बांधापलीकडं अण्णांचं डाळिंब. तिथं त्यांचा पुतण्या ब्रश कटरनं बांधाचं गवत काढत होता.

आवाज आला तो काच फुटल्यासारखा नव्हताच. फटाका वाजल्यासारखा एकच, आणि मागून ज्वारी ओतावी तशी सळसळ. बाहेर येऊन बघतो तर मागच्या दाराला काचच नाही. कडेला रबराजवळ थोडी दातरी राहिलेली, बाकी सगळी भुईवर, डिकीत आणि पेंढ्यांवर. मागच्या सीटवर बोराएवढा काळा दगड पडलेला. पोरगं अजून कापतंच होतं. यंत्राच्या आवाजात त्याला काही कळलंच नव्हतं.

एवढ्याशा दगडानं अख्खी काच कशी जाते, हे आमच्या कारभारणीनं विचारलं. तुम्हीही विचाराल म्हणून सांगतो. गाडीची पुढची काच वेगळी आणि मागची वेगळी. पुढची म्हणजे दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. दगड लागला तर तडा जातो, कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ पडते, पण काच जागेवर राहते. मागची आणि बाजूची असते कडक केलेली, टफन. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि वाऱ्याच्या झोतानं एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागून आकसतो. त्यामुळं बाहेरून दाब आणि आतून ताण असा कायमचा झगडा त्या काचेत कोंडलेला असतो. म्हणून हाताचा गुद्दा घातला तरी ती सोसते. पण टोकदार दगडानं वरचा थर एका जागी भेदला, किंवा कडेला टवका उडाला, की आतला ताण एकदम सुटतो आणि सगळी काच एका क्षणात हरभऱ्याएवढ्या खड्यांची होते. लांब सुऱ्यासारखे तुकडे होऊन माणसाचा गळा कापू नये म्हणूनच ती तशी केलेली असते. अशी काच कडक केल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून मोठी काच आणून कापून बसवू, हा विचार डोक्यातून काढून टाका. ज्या गाडीची त्याच गाडीची लागते.

आता कडब्याचं. खडे बोथट असतात हे खरं, मुठीत घेतले तरी लगेच कापत नाही. पण प्रत्येक खडा बोथट नसतो. त्यात चिपाड उडालेले, सुईसारखे बारीकही असतात. आणि ज्वारीच्या ताटाची रचना बघा, पान जिथं ताटाला मिठी मारतं तिथं बेचकं असतं. वरून पडलेला खडा बरोबर त्यात जाऊन बसतो. पेंढी आपटली तरी निघत नाही. जमिनीवरच्या दहा पेंढ्या ताडपत्रीवर सोडून, एकेक झटकून बघितल्या. सातांत काच निघाली. झटकून झाल्यावर त्याच पेंढ्या परत झटकल्या, तर दोनांत आणखी निघाली. तिथंच माझं मन फिरलं.

कारभारीण म्हणाली, "अहो, पाण्यात बुडवून बघू की. काच तळाला जाईल, कडबा वर तरंगल." बोलणं खोटं नव्हतं. काच पाण्याच्या अडीच पट जड. कुट्टी करून हौदात टाकली तर खडे खाली बसतीलच. पण कुट्टी करायची म्हणजे आधी यंत्रात घालायची. पात्याखाली खड्याचा भुगा होणार, तो ओल्या कुट्टीला चिकटून वरच राहणार आणि मग डोळ्यालाही दिसणार नाही. शिवाय पात्याची धार जाईल ती वेगळीच.

डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, गाय-म्हैस शेळीसारखी निवडून खात नाही. जिभेनं ओढते आणि गिळते, चावणं नंतर रवंथात. जड वस्तू जाळीच्या पोटात जाऊन बसते. ते पोट छातीच्या पडद्याला लागून आणि पडद्यापलीकडं काळीज. तार, खिळा, सुई तिथं घुसली की दुखणं सुरू होतं. आणि गाभण गाईत शेवटच्या महिन्यांत वासराचा भार पुढं रेटतो, तेव्हा धोका वाढतो. लोखंड असेल तर पोटात लोहचुंबक सोडतात, ते धरून ठेवतं. काचेला चुंबक काय करणार? "बोथट खडा कदाचित काही करणार नाही," ते म्हणाले, "पण मी हमी देणार नाही. या गाईला तर घालूच नका."

यंदा कडब्याचा भाव आमच्याकडं शेकड्याला अडीच हजार चाललाय. जमिनीवरच्या आणि गंजीच्या गाडीकडच्या तोंडाच्या मिळून सत्तर पेंढ्या बाजूला काढल्या. हिशेब झाला साडेसतराशेचा. गंजीच्या आतल्या पेंढ्यांना काही झालेलं नव्हतं, तेही एकेक थर काढून बघितलं. काढलेल्या पेंढ्यांचं काय करायचं हा पुढचा घोर. डाळिंबाच्या झाडाखाली आच्छादन केलं असतं तर काच मातीत जाऊन खुरपणाऱ्या बायांच्या हाताला लागली असती. उकिरड्यात टाकला तर खतातून पुन्हा रानात. जाळला तरी काच राहतेच. शेडमागं मुरूम काढलेला खड्डा होता, त्यात टाकून वर मुरूम ओढला. चांगला पांढराशुभ्र, पानागणिक गोड मालदांडी कडबा मातीत घालताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

जमीन साफ करायची एक युक्ती सांगतो. दिवसा झाडूनही काच उरतेच, मातीच्या रंगात मिसळते. रात्री अंधारात बॅटरी जमिनीला अगदी टेकवून आडवा उजेड मारा. खडा न् खडा काजव्यासारखा चमकतो. आम्ही दोन रात्री असं वेचलं. पायात चपला घालून, आणि हातानं न उचलता ओल्या पोत्याच्या तुकड्यानं टिपून. बारीक कण त्यालाच चिकटतात. ते पोतं मग झटकून परत वापरायचं नाही, तेही खड्ड्यात.

आता अण्णांचं. बांधाला बांध असलेला माणूस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मागं एकदा बांधावरच्या बाभळीवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे गावाला माहीत आहे. त्यामुळं हा विषय नीट धरायचा होता. संध्याकाळी ते आले. पुतण्या मागं उभा. पोरगं म्हणालं, "तात्या, माझ्या यंत्राचा दगड एवढ्या लांब येतोय व्हय? उन्हानं फुटली असंल." मी काही बोललो नाही. सीटवरचा दगड आणला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. त्याच्या एका बाजूला गवताचा हिरवा रस वाळलेला होता. अण्णांनी दगड फिरवून बघितला, पुतण्याकडं बघितलं आणि खिशात घातला.

मग यंत्र बघायला गेलो. पात्यावरचं कव्हर काढून टाकलेलं. गवत अडकतं म्हणून काढलं, म्हणाला. अंतर मोजलं, चाळीस फूट भरलं. त्याच यंत्राच्या दांडीवर चित्र चिकटवलंय, माणसाचं आणि १५ मीटरचं. म्हणजे पन्नास फुटांत कुणी उभं राहू नये. कव्हर असताना हे अंतर, नसताना तर विचारूच नका. पोराच्या डोळ्याला चष्माही नव्हता. चाळीस फुटांवर काच फोडणारा दगड पाच फुटांवर त्याच्या डोळ्याला काय करील, हे अण्णांनीच त्याला सुनावलं. मला बोलायची गरज पडली नाही.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझा विमा हाय की फुल. कंपनी देईल. कशाला एकमेकांत?" इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून सविस्तर लिहितो.

विमा नुसता थर्ड पार्टीचा असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही. तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. माझा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट आहे, आणि त्यात काचेला घसारा कापत नाहीत. रबर-प्लॅस्टिकला निम्मा कापतात, काचेला शून्य. इथवर सगळं गोड. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला पहिले हजार रुपये आपलेच असतात. आणि मुख्य म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न करता एक वर्ष गेलं की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. बोनस वाचवायचं वेगळं कलम घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडं नाही.

मी यंदा ४५ वर आहे, पुढच्या वेळी ५० होणार. माझा त्या भागाचा सूट धरण्याआधीचा हप्ता साधारण चार हजार. अण्णांसमोर पाटीवर खडूनं मांडलं. क्लेम केला तर पहिल्या वर्षी ५० ऐवजी ० म्हणजे दोन हजार जास्त. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २०, बाराशे. मग हजार, सहाशे, दोनशे. बेरीज पाच हजार. काचेचा खर्च येणार पाच हजार दोनशे, त्यातले हजार माझे, म्हणजे कंपनीकडून हातात येणार चार हजार दोनशे. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता थोडा उतरेल, ते धरलं तरी बरोबरीच. आणि मधे कधी खरंच मोठा अपघात झाला तर तो क्लेम करायचाच आहे. मग काचेसाठी बोनस का मोडू? नव्या गाडीची, कॅमेरे-बिमेरे लावलेली महाग काच असेल तर गणित उलटं पडेल. ज्यानं त्यानं आपापला हप्ता घेऊन मांडावं.

अण्णांनी पाटी बघितली. पाचवी शिकलेला माणूस, पण हिशेबाला पक्का. म्हणाले, "म्हंजे इमा फुकट न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडीनं शंभर पेंढ्या पाठवल्या. मी सत्तर मोजून घेतल्या, तीस परत पाठवल्या. काचेपोटी तीन हजार रोख दिले. बाकीचे मी मागितले नाहीत. काहींना हे पटणार नाही. आमचा मेव्हणा म्हणाला, पूर्ण घ्यायला पाहिजे होते. त्याला बांधाला बांध लागून रान नाही, तो सोलापुरात राहतो.

आता काच बसवण्याचं.

गाडी पंढरपूरला न्यायची होती, तीस किलोमीटर. काच नसलेली गाडी पळवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पळत्या गाडीच्या पाठीमागं हवेची पोकळी तयार होते. धूळ तर आत येतेच, पण सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. मागं लेकरं बसवून उघड्या डिकीनं लांब जाऊ नका. मी दार आधी बंद केलं. मल्चिंगचा कागद घरात होता, पण तो काळा-चंदेरी, आरपार दिसत नाही. ढोबळी मिरचीवाल्या मित्राकडून पॉलिहाऊसच्या कागदाचा तुकडा आणला, २०० मायक्रॉनचा, जाड आणि पारदर्शक. रंगावर चिकटवायला पांढरी मास्किंग टेप घ्या. खोक्याची तपकिरी टेप उन्हात तापली की तिचा डिंक रंगावर बसतो, मग रॉकेलनं पुसत बसा. पुढच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवून चाळीसच्या वेगानं गेलो.

त्याआधी दाराला राहिलेली दातरी काढली. आत जुनी गोधडी अंथरली, जाड हातमोजे घातले, राहिलेल्या काचेवर टेप मारली आणि आतून बाहेर ढकलली.

दुकानात पहिला प्रश्न येतो: रेघांची की बिनरेघांची? एकाच गाडीला मागच्या काचा तीन-तीन प्रकारच्या असतात. साधी, धुकं घालवायच्या तांबूस रेघांची, आणि वायपरच्या भोकाची. म्हणून जायच्या आधी जुन्या काचेचा फोटो, गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगून फोन करा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. आमची रेघांची, बिनवायपरची. काच ३८००, डिंक आणि मजुरी १४००. नव्या काचेच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का बघून घ्या, त्यावर आयएस २५५३ असतं. काळी फिल्म मारून देऊ का, असं विचारतीलच. मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा असा नियम आहे. मी नको म्हणालो.

मिस्त्री पन्नाशीचे, बोलायला कमी. मी तिथंच स्टुलावर बसून बघितलं. पूर्वीच्या गाड्यांना काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत सुतळी घालून आतून ओढत गेलं की रबराची ओठी पत्र्यावर चढायची. आता बहुतेक ठिकाणी काच चिकटवतात. जुना डिंक त्यांनी सगळा खरवडला नाही. पात्यानं कापून एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवला. विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, पत्र्याला पातं लागलं तर रंग जातो, आतून गंज धरतो. दोन वर्षांनी पाणी गळायला लागतं आणि शिव्या मला." दोन ठिकाणी जुना ओरखडा होता, तिथं प्रायमर लावला. काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो तो शोभेचा नसतो. उन्हानं डिंक सडू नये म्हणून तो सावली धरतो. मग डिंकाची एकसारखी, त्रिकोणी धार ओढली, मधे कुठं तुटू न देता, आणि दोघांनी काच उचलून बसवली. टेपनं बांधली.

तो डिंक पॉलियुरेथेनचा, वाळतो म्हणण्यापेक्षा हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. आमच्याकडं मार्चच्या दुपारी हवेत ओलावा कुठला? म्हणून मिस्त्री म्हणाले, आज इथंच ठेवा, रात्रीची हवा लागू द्या. मी मुक्काम केला. परत निघताना त्यांनी सांगितलेलं: दोन दिवस दारं आपटायची नाहीत आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते, ओला डिंक सुटतो. प्रेशरनं गाडी धुवायची नाही. टेप दुसऱ्या दिवशीच काढायची.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी मी करून घेतल्या. रेघांच्या दोन्ही टोकांची वायर जोडली का बघितलं. बटण चालू करून काचेवर तोंडानं वाफ सोडली. रेघांच्या जागी पट्टेपट्टे साफ झाले, म्हणजे करंट आहे. त्या रेघा काचेच्या आतल्या अंगाला असतात, म्हणून फडकं रेघेच्या बाजूनं आडवं फिरवा, उभं घासलं तर रेघ तुटते. दुसरं, डिकीचं कुलूप, सीटबेल्टची कुंडी, जादा चाकाची खोबण आणि सीटखालची पट्टी मशीननं ओढून घेतली. कुंडीत एक खडा अडकलेला होताच, पट्टा लागत नव्हता. तरी घरी आल्यावर डिकीच्या सतरंजीखाली मूठभर निघाले. त्या डिकीत आता पेंडेची पोती ठेवायची नाहीत असं कारभारणीनं सांगितलंय, आणि मी वाद घातला नाही.

गाईला अजून वीसेक दिवस आहेत. अण्णांचा कडबा ती खातेय.

पशुवैद्यक मंडळींपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांना विचारायचंय. तारेच्या केसेस आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण गाडीच्या काचेचे खडे पोटात गेलेलं जनावर तुमच्या बघण्यात आहे का? काय लक्षणं दिसली, कापल्यावर काय निघालं, आणि ते वाचलं का? जमलं तर इथं खाली लिहा. आमच्या भागात ब्रश कटर आता घरोघरी झालेत, आणि गाड्या कडब्याशेजारीच उभ्या असतात.